टू-स्ट्रोकचा शिल्पकार, विजेतेपदाविना

तुळजापूरच्या बसस्थानकाबाहेर किंवा भूम-परांड्याच्या आठवडी बाजारात १९८० च्या दशकात उभ्या राहिलेल्या कोणालाही एक आवाज परिचयाचा होता. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकावून निघालेली राजदूत, शाळामास्तरांची लूना, संपूर्ण कुटुंबाला सामावून घेणारी चेतक, एखाद्या हौशी बागायतदाराची येझदी आणि दशकाच्या उत्तरार्धात तरुणांच्या हाती आलेली यामाहा आरएक्स १००. धाराशिव जिल्ह्याच्या रस्त्यांवरील या सर्व वाहनांना बांधणारे सूत्र एकच होते. ती सारी टू-स्ट्रोक इंजिनावर चालणारी होती. पंपावर पेट्रोलबरोबर मापाने ऑइल घालून घेणे, मागे निळसर धूर सोडत जाणे, प्लग काळा पडला की रस्त्याच्या कडेला थांबून तो पुसणे आणि वर्षा-दोन वर्षांनी गॅरेजात सायलेन्सर जाळून त्यातील काजळी झटकणे, हा त्या पिढीच्या दिनक्रमाचा भाग होता.

त्यातही आरएक्स १०० चा तोरा काही वेगळाच. अवघ्या शंभर सीसीची ही गाडी येडशीच्या घाटात मोठ्या गाड्यांना मागे टाकत असे. ठरावीक वेग गाठला की तिचा आवाज एकाएकी बदलत असे आणि कोणीतरी पाठीमागून ढकलल्याप्रमाणे ती पुढे झेपावत असे. या झेपेचे श्रेय तिच्या मालकांनी यामाहा कंपनीला दिले आणि ते काही अंशी योग्यही होते. परंतु या झेपेचे मूळ शोधत गेल्यास वाट जपानमध्ये संपत नाही. ती पूर्व जर्मनीतील एका लहानशा गावात, साधनांच्या टंचाईशी झगडणाऱ्या एका कार्यशाळेत आणि वाल्टर काडेन या अभियंत्यापाशी येऊन थांबते. ज्यांच्या विद्येवर जगातील बलाढ्य कंपन्यांनी विश्वविजेतेपदांच्या राशी उभारल्या, त्या काडेन यांच्या स्वतःच्या संघाला मात्र रस्त्यावरील शर्यतींचे एकही विश्वविजेतेपद मिळाले नाही. त्यांच्या आयुष्याची ही शोकांतिका जितकी विलक्षण, तितकीच ती बोधप्रद आहे.

फटफटीच्या गावातील बालपण

वाल्टर काडेन यांचा जन्म १ सप्टेंबर १९१९ रोजी जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातील पोबरशाऊ या डोंगराळ भागातील गावी झाला. जवळच असलेले चोपाऊ हे गाव म्हणजे त्या काळातील मोटारसायकलींची पंढरीच होती. डेन्मार्कहून आलेल्या यॉर्गन स्काफ्टे रासमुसेन या उद्योजकाने येथे डीकेडब्ल्यू हा कारखाना उभारला होता आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस तो जगातील सर्वांत मोठा मोटारसायकल कारखाना म्हणून ओळखला जाऊ लागला होता. डीकेडब्ल्यूच्या या साऱ्या यशाचा पाया टू-स्ट्रोक इंजिन हाच होता. काडेन यांचे वडील याच कंपनीच्या विक्री विभागाच्या प्रमुखांकडे मोटारचालक होते. १९२७ मध्ये नुरबुर्गरिंग या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या शर्यतीच्या मार्गाचे उद्घाटन झाले, तेव्हा लहानगा वाल्टर तेथे हजर होता. यंत्रांची आणि वेगाची ओढ त्याला तेथेच लागली, असे मानले जाते.

केम्निट्झ येथील तांत्रिक विद्यालयात शिक्षण पूर्ण केल्यानंतर १९४० मध्ये काडेन बर्लिनजवळच्या हेन्शेल विमान कारखान्यात दाखल झाले. दुसरे महायुद्ध पेटलेले होते. हर्बर्ट वाग्नर यांच्या हाताखाली एचएस-२९३ या रेडिओने नियंत्रित होणाऱ्या, जहाजांवर सोडल्या जाणाऱ्या अस्त्राच्या विकासात त्यांनी काम केले. काडेन यांचे नाव पुढे अनेकदा व्ही-१ या उडत्या बॉम्बशी जोडले गेले आणि त्याच्या धडधडत्या इंजिनातूनच त्यांना टू-स्ट्रोकचे रहस्य उलगडले, अशी आख्यायिकाही रूढ झाली. त्यांच्या वाट्याला आलेले काम मात्र एचएस-२९३ चे होते. त्यांच्या तारुण्याची वर्षे हिटलरच्या राजवटीसाठी शस्त्रे घडवण्यात गेली, हे त्यांच्या चरित्रातील सत्य झाकून ठेवण्याचे कारण नाही.

युद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याने त्यांना काही काळ स्थानबद्ध केले. सुटका झाल्यानंतर ते चोपाऊला परतले. देश बेचिराख झाला होता, बॉम्बहल्ल्यांत घरांची छपरे उडालेली होती. काडेन यांनी लाकडाचा व्यवसाय सुरू केला आणि छपरांसाठी लागणाऱ्या लाकडी कैच्या ते बनवू लागले. क्षेपणास्त्रांवर काम केलेला अभियंता सुतारकामाकडे वळला होता. परंतु रिकाम्या वेळी त्यांचे हात डीकेडब्ल्यूच्या एका छोट्या गाडीकडे वळत. आरटी १२५ नावाच्या या गाडीपासून त्यांनी स्वतःची शर्यतीची गाडी तयार केली आणि स्थानिक शर्यतींत ते स्वतः ती चालवू लागले.

ही आरटी १२५ सुद्धा नशीबवान गाडी म्हणावी लागेल. युद्धानंतर जर्मनीच्या शोधांवरील हक्क विजेत्या राष्ट्रांना खुले झाले आणि या एका साध्या, मजबूत रचनेवरून ब्रिटनची बीएसए बॅन्टम, अमेरिकेची हार्ले-डेव्हिडसनची छोटी गाडी आणि सोव्हिएत रशियाची मॉस्क्वा तयार झाली. जपानमधील यामाहाने १९५५ मध्ये बाजारात आणलेली आपली पहिली मोटारसायकल, वायए-१, हीसुद्धा याच घराण्यातील होती. चोपाऊची विद्या जगभर पसरण्याची ही पहिली वेळ. दुसरी वेळ पुढे येणार होती, पण ती वेगळ्या मार्गाने.

टंचाईतील प्रयोगशाळा

फाळणीनंतर चोपाऊ पूर्व जर्मनीत, म्हणजे साम्यवादी राजवटीच्या अमलाखाली आले. डीकेडब्ल्यूचे नाव आणि अनेक माणसे पश्चिम जर्मनीत इंगोलश्टाटला गेली. मागे राहिलेला कारखाना सरकारी मालकीचा झाला आणि पुढे तो एमझेड या नावाने ओळखला जाऊ लागला. १९५३ मध्ये या कारखान्याच्या शर्यत विभागाची धुरा काडेन यांच्याकडे सोपवण्यात आली. तेव्हा ते अवघे ३३ वर्षांचे होते.

त्या काळी शर्यतींच्या जगात टू-स्ट्रोक इंजिनाला फारशी प्रतिष्ठा नव्हती. १९३८ मध्ये एवाल्ड क्लुगे या जर्मन स्वाराने डीकेडब्ल्यूवर आइल ऑफ मॅनची शर्यत जिंकली होती; पण त्या गाडीत हवा दाबून भरणारी वेगळी यंत्रणा होती आणि युद्धानंतर अशा यंत्रणेवर बंदी आली. त्यामुळे टू-स्ट्रोक म्हणजे गरिबांची स्वस्त फटफटी आणि फोर-स्ट्रोक म्हणजे शर्यतीचे अस्सल इंजिन, अशी सरळ विभागणी होऊन गेली होती. इटलीच्या मोंडियाल, एमव्ही अगुस्टा या नामांकित गाड्यांचा तो जमाना होता.

काडेन यांच्या हाती असलेली साधने पाहिली तर त्यांचे धाडस अधिकच उठून दिसते. चांगल्या प्रतीचे पोलाद मिळत नसे. शर्यतीला लागणारे प्लग, साखळ्या, बेअरिंग यांसाठी पाश्चात्त्य चलन हवे असे आणि ते सरकारकडून मिळवणे म्हणजे दिव्यच. कारखान्याचा मुख्य उद्देश जनतेसाठी साध्या गाड्या बनवणे हा होता. शर्यत विभागाला मोजकी माणसे, मोजकी यंत्रे आणि मोजका पैसा यांवरच भागवावे लागे.

टू-स्ट्रोक इंजिनाचा मूळ दोष काय, हे समजून घेतल्याशिवाय काडेन यांच्या कामाचे महत्त्व ध्यानात येत नाही. फोर-स्ट्रोक इंजिनात हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणे, दाबणे, पेटवणे आणि जळालेला वायू बाहेर टाकणे ही चार कामे चार वेगवेगळ्या फेऱ्यांत होतात आणि त्यांवर झडपांचा पहारा असतो. टू-स्ट्रोकमध्ये अशा झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात आणि वर-खाली होणारा पिस्टन त्या उघडतो, मिटतो. त्यामुळे इंजिन हलके, स्वस्त आणि दुरुस्तीला सोपे होते. परंतु जळालेला धूर बाहेर जात असतानाच ताजे मिश्रण आत येत असते आणि त्यातील बराचसा भाग धुराबरोबर तसाच निसटून जातो. पेट्रोल वाया जाते, शक्ती घटते. घराची पुढची आणि मागची दारे एकाच वेळी उघडी ठेवून धान्याची पोती आत घ्यावीत, तसा हा प्रकार होता.

काडेन यांनी या समस्येकडे पाहिले ते एखाद्या वाद्य घडवणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने. धूर बाहेर पडतो तेव्हा नळीतून दाबाची एक लाट धावत जाते. ही लाट म्हणजे एक प्रकारचा ध्वनीच. नळी जिथे रुंद होते, तिथून ओढ निर्माण करणारी लाट उलट फिरते. ती सिलिंडरमधील उरलासुरला धूर बाहेर खेचते आणि ताज्या मिश्रणाला आत येण्यास मदत करते. पुढे नळी पुन्हा निमुळती केली, तर तिथून दाबाची लाट परत येते आणि बाहेर निसटलेले ताजे मिश्रण खिडकी बंद होण्याच्या क्षणी पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पोट फुगलेली आणि शेपटी निमुळती असलेली अशी नळी आधीही काहींनी लावून पाहिली होती. परंतु तिचे गणित बसवून, ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर दाबाच्या लाटा प्रत्यक्ष तपासून, तिला इंजिनाचाच एक अवयव बनवण्याचे काम काडेन यांनी केले. कोणतीही झडप न बसवता, केवळ ध्वनीच्या बळावर त्यांनी मागचे दार हव्या त्या क्षणी लावून घेतले होते.

याच्या जोडीला त्यांनी आणखी दोन सुधारणा केल्या. डॅनिएल झिमरमान या खासगी कारागीर-स्वाराने आपल्या गाडीत मिश्रण आत घेण्यासाठी फिरणारी पातळ चकती वापरली होती. तिचे महत्त्व ओळखून काडेन यांनी ती आपल्या इंजिनात आणली. सिलिंडरमध्ये मिश्रण आणणाऱ्या दोन वाटांना त्यांनी तिसऱ्या वाटेची जोड दिली. तिच्यामुळे शक्ती तर वाढलीच, शिवाय तापून जाम होणाऱ्या भागांना ताज्या मिश्रणाचा गारवाही मिळू लागला. फिरती चकती, तिसरी वाट आणि फुगीर नळी या तिन्ही गोष्टी प्रथमच एकत्र आल्या होत्या.

या परिश्रमांचे फळ आकड्यांत दिसते. काडेन यांच्या सुरुवातीच्या काळात १२५ सीसीचे इंजिन १३ अश्वशक्तीच्या घरात होते. १९६१ पर्यंत त्याच इंजिनाने मिनिटाला १०,८०० फेऱ्यांच्या वेगाने फिरत २५ अश्वशक्ती गाठली. म्हणजे दर लिटरमागे २०० अश्वशक्ती. हवा दाबून न भरता हा टप्पा गाठणारे ते पहिले इंजिन ठरले. या वेगात एका फेरीला सेकंदाचा १८० वा भाग लागतो. दाबाच्या लाटेला नळीत जाऊन परत येण्यासाठी मिळणारा अवधी त्याहूनही कमी. साध्या पत्र्याच्या नळीत हा मेळ साधणे, हीच काडेन यांची किमया होती.

यशाच्या उंबरठ्यावर

१९५८ मध्ये स्वीडनमध्ये होर्स्ट फ्यूगनर यांनी २५० सीसी गटाची ग्रां प्री शर्यत जिंकली आणि त्या मोसमात ते या गटात दुसरे आले. १९५९ मध्ये ऱ्होडेशियाच्या गॅरी हॉकिंग यांनी एमझेडवर स्वीडन आणि अल्स्टरच्या शर्यती मारल्या. त्याच वर्षी इटलीतील मोंझा येथे, म्हणजे इटालियन गाड्यांच्या अंगणातच, एर्न्स्ट डेग्नर या तरुण स्वाराने १२५ सीसीची शर्यत जिंकून दाखवली.

डेग्नर हे काडेन यांचे आवडते शिष्य. १९३१ मध्ये ग्लाइविट्झ येथे जन्मलेला हा तरुण केवळ वेगवान स्वार नव्हता, तर त्याला इंजिनाचीही उत्तम जाण होती. शर्यतीनंतर गाडी कुठे कमी पडली, हे तो काडेन यांना नेमके सांगू शकत असे. गुरूने घडवायचे आणि शिष्याने धावून पाहायचे, असा हा मेळ होता.

१९६१ हे वर्ष एमझेडचे ठरणार, अशी चिन्हे होती. १२५ सीसी गटात डेग्नर आणि होंडाचे ऑस्ट्रेलियन स्वार टॉम फिलिस यांच्यात चुरस लागली. डेग्नर यांनी होकेनहाइमची शर्यत जिंकली. जुलैच्या अखेरीस घरच्या झाक्सेनरिंग मार्गावर लाखोंच्या साक्षीने ते पुन्हा पहिले आले. गावांतून, शेतांच्या कडेने जाणारा सुमारे पावणेनऊ किलोमीटरचा हा रस्ता म्हणजे पूर्व जर्मनीतील शर्यतप्रेमींचे दैवतच होते. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १३ ऑगस्ट १९६१ रोजी, बर्लिनमध्ये भिंत उभी राहू लागली आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे जाण्याची वाट बंद झाली. सप्टेंबरच्या सुरुवातीस डेग्नर यांनी मोंझाचीही शर्यत जिंकली. स्वीडनमधील क्रिस्टियानस्टाडची पुढची शर्यत जिंकली की विश्वविजेतेपद हातात, अशी स्थिती होती.

एका रात्रीत सारे गेले

सप्टेंबर १९६१ च्या मध्यास क्रिस्टियानस्टाडला शर्यत झाली. डेग्नर यांचे इंजिन सुरुवातीलाच बंद पडले. त्यानंतर ते आपल्या संघाकडे परतलेच नाहीत. डेन्मार्कमार्गे त्यांनी पश्चिम जर्मनी गाठली. त्यांची पत्नी आणि लहान मुले यांना त्याच सुमारास एका मोटारीच्या डिकीत लपवून सीमेपार आणण्यात आले होते. हे सारे आधीपासून ठरलेले होते आणि त्यामागे जपानची सुझुकी कंपनी होती. १९६० मध्ये शर्यतीत उतरलेल्या सुझुकीच्या टू-स्ट्रोक गाड्या एमझेडच्या जवळपासही पोचत नव्हत्या. जे ज्ञान मिळवण्यास काडेन यांना आठ वर्षे लागली होती, ते डेग्नर यांच्याबरोबर हामामात्सुला पोचले.

डेग्नर यांच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. पश्चिमेकडील स्वार शर्यती जिंकून श्रीमंत होत असताना त्यांच्या वाट्याला सरकारी पगार येत होता. पत्नीला आणि मुलांना मोकळ्या जगात न्यावे, ही इच्छा त्या काळी लाखो पूर्व जर्मनांच्या मनात होती आणि भिंत उभी राहण्यापूर्वी त्यांतील कित्येकांनी ती पूर्णही केली होती. मात्र त्यांनी सोबत नेलेली शिदोरी एकट्याची नव्हती, हाही तितकाच खरा मुद्दा आहे.

विश्वविजेतेपद त्यांनाही मिळाले नाही. मोसमातील अखेरच्या अर्जेंटिनाच्या शर्यतीत दुसऱ्या बनावटीची गाडी घेऊन उतरण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. फिलिस तेथे जिंकले आणि १२५ सीसीचे विजेतेपद होंडाकडे गेले. १९६२ च्या मोसमात मात्र सुझुकीचे रूप पालटले. नव्याने सुरू झालेल्या ५० सीसी गटात डेग्नर यांनी आइल ऑफ मॅनची शर्यत आणि विश्वविजेतेपद दोन्ही जिंकले. सुझुकीचे हे पहिले विश्वविजेतेपद आणि टू-स्ट्रोक इंजिनाचेही. जपानमधील सुझुका मार्गावर त्याच वर्षी ते ज्या वळणावर पडले, त्याला आजही त्यांचेच नाव आहे. १९६३ मध्ये तेथेच झालेल्या दुसऱ्या अपघातात गाडीने पेट घेतला आणि ते गंभीर भाजले. त्यानंतर त्यांची कारकीर्द उतरणीला लागली आणि १९८३ मध्ये टेनेरिफ बेटावर वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मागे राहिलेला माणूस

चोपाऊत मागे राहिलेल्या काडेन यांच्यावरील आघात तिहेरी होता. त्यांचा सर्वोत्तम स्वार गेला, हातातोंडाशी आलेले विजेतेपद गेले आणि आठ वर्षांच्या संशोधनाचे गुपितही गेले. सरकारी यंत्रणेची शर्यत विभागावरील नजर अधिक कडक झाली. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक माणसाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. पश्चिमेकडील स्वारांना एमझेडवर बसवणे हाच मार्ग उरला, पण त्यांना देण्यासाठी परकीय चलन नव्हते.

तरीही काडेन यांनी हात टेकले नाहीत. १९६३ मध्ये ब्रिटनचे अव्वल स्वार माईक हेलवूड यांना त्यांनी झाक्सेनरिंगवर २५० सीसीची एमझेड दिली आणि हेलवूड यांनी शर्यत जिंकली. १९६४ मध्ये ॲलन शेफर्ड यांनी अमेरिकेत डेटोना येथे एमझेडवर विजय मिळवला. परंतु संपूर्ण मोसमभर जपानी कंपन्यांच्या पैशाशी टक्कर देणे या छोट्या विभागाला शक्य नव्हते. १९६४ मध्येच फिल रीड यांनी यामाहाच्या टू-स्ट्रोकवर २५० सीसीचे विश्वविजेतेपद पटकावले आणि त्या गाडीतही फिरती चकती व फुगीर नळी होती.

काडेन यांच्या इंजिनांना न्याय मिळाला तो वेगळ्याच मैदानावर. डोंगर, चिखल आणि जंगलवाटांतून सलग सहा दिवस चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पूर्व जर्मनीच्या संघाने एमझेडवर १९६३ ते १९६७ अशी सलग पाच वर्षे सर्वोच्च करंडक जिंकला. नाजूक समजले जाणारे टू-स्ट्रोक इंजिन टिकाऊही असू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. रस्त्यावरील शर्यतींत १९५५ ते १९७६ या काळात एमझेडच्या नावावर १३ ग्रां प्री विजय आणि पहिल्या तिनांत येण्याचे १०५ प्रसंग नोंदले गेले. विश्वविजेतेपदाचा रकाना मात्र कोराच राहिला.

झाक्सेनरिंगचेही दिवस फिरले. १९७१ मध्ये तेथे पश्चिम जर्मनीचे डीटर ब्राउन २५० सीसीची शर्यत जिंकले आणि त्यांच्या सन्मानार्थ वाजलेले पश्चिम जर्मनीचे राष्ट्रगीत पूर्व जर्मन प्रेक्षकांनी मोठ्याने गायले. राजवटीला हे रुचणे शक्यच नव्हते. १९७२ नंतर तेथील शर्यतीला विश्वविजेतेपदाच्या मालिकेत स्थान उरले नाही.

आवाज राहिला

काडेन यांचे गणित मात्र जग जिंकत होते. १९७५ मध्ये इटलीचे जाकोमो अगोस्टिनी यांनी यामाहावर ५०० सीसी या सर्वोच्च गटाचे विजेतेपद मिळवले. तेव्हापासून २००१ पर्यंत, म्हणजे सलग २७ मोसम, या गटातील प्रत्येक विश्वविजेता टू-स्ट्रोकवरच स्वार होता. या साऱ्या गाड्यांच्या पोटाखाली चोपाऊच्या कार्यशाळेत आकाराला आलेली फुगीर नळी होती.

भारतात ही विद्या पोचली ती १९८० च्या दशकात. १९८३ मध्ये राजदूत ३५०, १९८४ मध्ये इंड-सुझुकीची एएक्स १०० आणि १९८५ मध्ये यामाहा आरएक्स १०० बाजारात आली. सुझुकी आणि यामाहा या ज्या दोन कंपन्यांनी काडेन यांच्या कल्पना पुढे नेल्या, त्यांच्याच गाड्या धाराशिव, कळंब, उमरग्याच्या रस्त्यांवर धावू लागल्या. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरील शर्यतींतही याच गाड्यांची चलती होती. १९९६ मध्ये आरएक्स १०० चे उत्पादन थांबले. २००० मध्ये देशात प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले आणि ऑइल जाळत धावणाऱ्या टू-स्ट्रोक मोटारसायकली एकेक करून बाजारातून बाहेर गेल्या. मागच्या दारातून निसटणारे पेट्रोल हा मूळचा दोष संथ वेगात कायमच राहिला होता. काडेन यांची नळी तो ठरावीक वेगाच्या टप्प्यातच झाकू शकत असे. शहरांच्या हवेसाठी हा निर्णय आवश्यकच होता.

काडेन यांनी जर्मनीचे एकीकरण पाहिले आणि त्यानंतर एमझेडची झालेली वाताहतही पाहिली. ३ मार्च १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. २००८ मध्ये एमझेडचा कारखाना बंद पडला.

तथापि, त्यांच्या गाड्या गप्प झालेल्या नाहीत. चोपाऊजवळच्या ऑगुस्टुसबुर्ग किल्ल्यात १९६१ पासून टू-स्ट्रोक मोटारसायकलींचे संग्रहालय आहे. योगायोग असा, की काडेन यांचा सर्वांत मोठा पराभवही त्याच वर्षीचा. श्लाइत्स आणि झाक्सेनरिंगसारख्या जुन्या मार्गांवर ऐतिहासिक गाड्यांचे मेळावे भरतात आणि हौशी मंडळी साठ-सत्तर वर्षांपूर्वीची टू-स्ट्रोक इंजिने तेथे पुन्हा गरजवतात. हे काम वाटते तितके सोपे नाही. फुगीर नळ्या आतून गंजतात. त्या जुन्या मापाबरहुकूम पत्रा वाकवून, तुकडे जोडून नव्याने घडवाव्या लागतात. माप थोडे चुकले तरी लाटेचा मेळ बिघडतो आणि गाडी मुकी होते. सिलिंडरच्या खिडक्या त्या काळी हाताने कानशीने घासून बसवलेल्या असत. सुटे भाग दुकानात मिळत नाहीत. ऑइलचे प्रमाण कमी पडले की इंजिन क्षणात जाम होते, म्हणून आजही या गाड्यांचा स्वार एक-दोन बोटे क्लचवर ठेवूनच धावतो. ही गाडी काचेच्या कपाटात ठेवून जपता येत नाही, कारण तिच्या निर्मात्याची खरी निर्मिती डोळ्यांना दिसणारी नाही. ती नळीतील लाटेत आहे आणि ती लाट इंजिन धावतानाच जन्माला येते.

महाराष्ट्रातही या वेडाचे वारकरी आहेत. जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीचे चाहते पुण्या-मुंबईत आपापल्या जुन्या गाड्या घेऊन एकत्र येतात. जुन्या आरएक्स १०० ला तर सोन्याचा भाव आला आहे. मराठवाड्यातील एखाद्या वाड्याच्या सोप्यात, कडब्याच्या आडोशाला उभी असलेली आजोबांची राजदूत किंवा येझदी नातू बाहेर काढतो, कार्बोरेटर धुतो, प्लग बदलतो, पेट्रोलमध्ये मापाने ऑइल मिसळतो आणि किक मारतो. पहिल्या दोन-चार किकांना ती दाद देत नाही. मग निळ्या धुराचा एक लोट उठतो आणि सारी गल्ली त्या आवाजाकडे वळून पाहते.

त्या गल्लीत वाल्टर काडेन हे नाव कोणाला ठाऊक नसते. त्यांच्या नावाचे करंडक नाहीत, विश्वविजेत्यांच्या यादीत त्यांच्या संघाची ओळ नाही. ज्यांनी त्यांची विद्या नेली, त्यांची नावे गाड्यांच्या टाक्यांवर झळकली. काडेन चोपाऊत राहिले, दर मोसमाला नवी नळी वाकवत राहिले आणि पुढच्या शर्यतीसाठी गाडी तयार करत राहिले. जुन्या मार्गांवर त्या गाड्या पुन्हा सुरू होतात, तेव्हा हुकलेल्या विजेतेपदाची काही अंशी भरपाई होते, एवढे खरे.